जुन्या डिरेक्टऱ्यांवर किती भरवसा ठेवायचा? (गोल्फचं मैदान, सात विरुद्ध तीन, आणि आमचं लाइटबिल)

निवृत्त_कारकून | रविवार, रात्री ९:४०

मंडळी, आधीच कबूल करतो, मी आयुष्यात गोल्फची काठी हातात धरलेली नाही. सोलापूरच्या उन्हात तुळस जगवताना नाकी नऊ येतात, हिरवळीचं काय बोलायचं. विषय माझ्या गळ्यात पडला तो भाच्यामुळे. तो एडिनबर्गपासून तासाभरावरच्या एका गावात राहतो आणि तिथल्या नऊ होलच्या छोट्या क्लबचा सभासद आहे. क्लबच्या पाटीवर स्थापना १९०१ अशी आहे, म्हणून २०२६ मध्ये सव्वाशे वर्षांची पुस्तिका काढायचं घाटतंय. "मामा, तू रिकामा आहेस, तुला जुने कागद वाचायची हौस आहे," असं म्हणून त्यानं स्कॅन केलेल्या डिरेक्टऱ्यांचा ढीग मला पाठवून दिला. पाच महिने रोज संध्याकाळी तेच चाललंय. बायको म्हणते, पेन्शनरांनी सिद्धेश्वराला जावं, आमचे हे गोऱ्यांचे क्लब मोजत बसलेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रिटनमध्ये १८८०-९० च्या सुमारास गोल्फची लाट आली आणि क्लबांच्या याद्या छापणारी वार्षिकं निघू लागली. 'द गोल्फिंग अ‍ॅन्युअल' १८८७-८८ पासून १९०९-१० पर्यंत निघालं. 'निस्बेट्स गोल्फ इयर बुक' १९०५ ला सुरू झालं. 'गोल्फर्स हँडबुक' तर पुढं कित्येक दशकं चाललं. अशा याद्यांत क्लबचं नाव, स्थापनेचं साल, सभासदसंख्या, प्रवेश फी, वर्गणी, सेक्रेटरीचं नाव, होल किती आणि रेल्वे स्टेशनपासून मैदान किती लांब, एवढं साधारण सापडतं. संशोधकाला सोन्याची खाणच वाटते.

आता आमची भानगड. ज्या मालिकेत ती निघाली तिचं नाव मुद्दाम घेत नाही. १९०१ ते १९०७ या सात खंडांत क्लबची स्थापना १८९९ दिली आहे. १९०८ ते १९१० या तीन खंडांत १९०१. म्हणजे सात विरुद्ध तीन. मी भाच्याला लगेच कळवून टाकलं की १८९९ धर, सव्वाशे वर्षं होऊन गेली तुमची, केक कापायचा राहिला.

रात्री झोप लागेना. चौतीस वर्षं कारकुनी केली आणि बहुमतानं साल ठरवलं? उठून सातही खंडांतल्या नोंदी एकाखाली एक लावल्या. स्वल्पविरामासकट सारख्या. सेक्रेटरी तोच. सभासद सातही वर्षं ६०. सात वर्षांत कुणी मेलं नाही, कुणी वर्गणी थकवली नाही, नवा कुणी आला नाही? म्हणजे हे सात साक्षीदार नव्हेत. एकच साक्षीदार आहे आणि तो सात वेळा छापलाय. १९०८ ला सेक्रेटरी बदलला, सभासद ८५ झाले आणि साल १९०१ झालं.

आमच्या घराचं लाइटबिल आजही आजोबांच्या नावानं येतं. आजोबांना जाऊन ३१ वर्षं झाली. उद्या कुणी ती बिलं ओळीनं लावून "१९९४ नंतरही हा गृहस्थ नियमित पैसे भरत होता" असं लिहिलं तर त्याची चूक म्हणायची की आमची?

तर प्रश्न असा, अशा डिरेक्टरीतलं काय धरायचं आणि काय सोडायचं?

---

कडक_भाकरी | रविवार, रात्री ९:५८

काका एक नंबर की ओ! गोल्फ सोडा, आमच्या बापाचं नाव जुन्या टेलिफोन डिरेक्टरीत आडनावाच्या जागी छापलतं. पाच वर्षं तसंच. लोक घरी फोन करून "मल्लिनाथ साहेब हायत का" विचारायचे.

बादवे, १८९९ असो का १९०१, केक कापायचा तर दोनदा कापा बे.

---

चादरवाला | रविवार, रात्री १०:३५

निवृत्त साहेब, मी त्या बाजूला बसलेला माणूस आहे. १९८६-८७ ला दोन वर्षं मी आपल्या इथल्या चादर-टॉवेल कारखानदारांच्या एका डिरेक्टरीचं काम केलं. नाव सांगत नाही, मालक भला माणूस होता.

पद्धत अशी. सायक्लोस्टाइल केलेला फॉर्म पोस्टानं पाठवायचा, सोबत उत्तराचं कार्ड. चारशे पाठवले तर नव्वद परत यायचे. मग मी सायकलवर पूर्व भागात हिंडायचो, अशोक चौकापासून सुरुवात करून बोळ बोळ. दहा ठिकाणी "मालक नाहीत, उद्या या." प्रेसची तारीख जवळ आली की उरलेल्यांच्या मागच्या वर्षीच्या छापील ओळी कापून नव्या कागदावर डिंकानं चिकटवायच्या आणि समासात लाल पेन्सिलीनं 'मा.ठे.' लिहायचं. मा.ठे. म्हणजे मागचंच ठेव. निम्मी डिरेक्टरी मा.ठे. असायची. तुमचे ते सात खंड वाचताना मला लाल पेन्सिल दिसली.

दुसरी गोष्ट आकड्यांची. "माग किती?" असं विचारलं की कारखानदार आधी माझ्याकडं बघायचा. हा सरकारी माणूस असेल तर चार. हा गिऱ्हाईक आणून देणारा असेल तर बारा. मी डिरेक्टरीवाला आहे म्हटलं की बारा. खरे सात-आठ असायचे. तुमच्या क्लबच्या सेक्रेटरीनंही नवे सभासद यावेत म्हणूनच फॉर्म भरलेला असणार. मैदानाची लांबी, सभासद, "उत्तम हिरवळ" हे सगळं बारा मागांच्या हिशेबात धरा.

आणि तिसरं. बंद पडलेला कारखाना आमच्या डिरेक्टरीत तीन-तीन वर्षं जिवंत राहायचा. नवा कारखाना टाकला की माणूस पेढे घेऊन स्वतः सांगायला यायचा. कुलूप लागलं ते सांगायला कोण येणार? त्यामुळं पहिली नोंद बऱ्यापैकी खरी आणि शेवटची नोंद बिनभरवशाची, हा माझा अनुभव.

---

फेरफार | रविवार, रात्री ११:१२

चादरवाल्यांच्या शेवटच्या वाक्यावर थांबा जरा. (मी भूमी अभिलेखात होतो, नाव बघून कळलंच असेल.)

निवृत्त_कारकून, दोन प्रश्न.
१) त्या १९०१ च्या खंडाच्या प्रस्तावनेखाली तारीख आहे का?
२) सात खंडांत आणि नंतरच्या तिनांत स्टेशनपासूनचं अंतर तेच आहे का?

---

निवृत्त_कारकून | रविवार, रात्री ११:३१

प्रस्तावनेखाली डिसेंबर १९०० आहे.

अंतर... थांबा, बघून सांगतो.

---

निवृत्त_कारकून | रविवार, रात्री ११:४४

अहो! आधीच्या सात खंडांत अर्धा मैल. १९०८ पासून सव्वा मैल. पाच महिने हे पान समोर आहे आणि मी नुसतं साल बघत बसलो. स्टेशन तर जागचं हललं नसणार!

---

फेरफार | सोमवार, रात्री १२:०५

झालं तर मग. डिसेंबर १९०० मध्ये छापायला गेलेल्या यादीत ज्या क्लबची नोंद आहे तो क्लब १९०१ मध्ये जन्माला येऊच शकत नाही. म्हणून १९०१ हे क्लबचं साल नव्हे. आणि स्टेशन हललं नाही म्हणजे मैदान हललंय. माझा अंदाज, १८९९ ला क्लब स्थापन झाला, १९०१ ला नवी जागा घेतली. नव्या सेक्रेटरीनं फॉर्म भरताना भिंतीवर दिसलं ते साल टाकलं असेल.

आमच्याकडं हा घोळ रोजचा. सातबारावर मालकाचं नाव असतं, त्यावरून जमिनीचं वय काढता येत नाही. डिरेक्टरीतलं 'स्थापना' हे बहुतेक वेळा मंडळींचं साल असतं, मातीचं नव्हे. सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे 'ऑनरेबल कंपनी ऑफ एडिनबर्ग गोल्फर्स'. १७४४ ला लीथमध्ये चांदीच्या काठीसाठी स्पर्धा झाली, तेरा नियम लिहिले गेले, त्याची कागदपत्रं आहेत. १८३६ ला ही मंडळी मसलबर्गला गेली आणि १८९१ ला म्यूरफील्डला. आता यादीत 'म्यूरफील्ड' शेजारी १७४४ वाचून कुणी म्हणेल, बघा केवढं जुनं मैदान! ते ओल्ड टॉम मॉरिसनं १८९१ ला आखलं, सुरुवातीला १६ होलच होते, आणि १९२० च्या दशकात हॅरी कोल्टनं पुन्हा बरंच बदललं. म्हणजे आज जो खेळतो तो १७४४ च्या मैदानावर नाही आणि धड १८९१ च्याही नाही.

आपल्याकडचं कलकत्ता बघा. क्लब १८२९ चा, ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना म्हणून नावाजलेला. पण सुरुवात दमदमला, मग शहरातल्या 'मैदान' नावाच्या मोकळ्या पटांगणावर, मग टॉलीगंजला. आणि 'रॉयल' ही पदवी १९११ ची. त्यामुळं १९११ आधीच्या यादीत 'रॉयल कलकत्ता' शोधाल तर हाती काही लागणार नाही, आणि तुम्ही म्हणाल नोंदच नाही.

पुढची पायरी नकाशा. स्कॉटलंडचे पंचवीस इंची (मैलाला पंचवीस इंच) ऑर्डनन्स सर्व्हे, म्हणजे सरकारी मोजणीचे, नकाशे तिथल्या नॅशनल लायब्ररीनं ऑनलाइन ठेवलेत, आजच्या उपग्रहचित्रावर पसरून बघता येतात. स्टेशनभोवती अर्ध्या मैलाचं वर्तुळ काढा, मग सव्वा मैलाचं.

---

कडक_भाकरी | सोमवार, सकाळी ७:५०

फेरफार साहेब, तुम्ही रात्री १२ ला असं बोलता, दिवसा ऑफिसात काय करत होता ओ? आमचा फेरफार अडीच वर्षं अडकलता.

---

टी_बॉक्स | सोमवार, दुपारी १:२०

मूळचा सोलापूरकर, सध्या पुण्यात, रविवारी गोल्फ खेळतो. (बरा खेळतो असं म्हणवत नाही.) खेळणाऱ्याच्या नजरेनं दोन-तीन गोष्टी.

डिरेक्टरीतली नोंद ताजी की शिळी हे ओळखायला माझ्याकडं एक चाचणी आहे: चेंडू. १९०० पर्यंत गटापर्चाचा (झाडाच्या घट्ट झालेल्या चिकाचा) चेंडू चालायचा. मग आत रबराचा धागा गुंडाळलेला हॅस्केल चेंडू आला. पेटंट १८९९ चं. १९०१ ला वॉल्टर ट्रॅव्हिसनं त्या चेंडूनं अमेरिकन अमॅच्युअर स्पर्धा जिंकली आणि १९०२ ला सँडी हर्डनं हॉयलेकला ओपन, म्हणजे ब्रिटनची मोठी स्पर्धा. तो चेंडू इतका लांब जायचा की जुनी मैदानं तोकडी पडली. पुढच्या काही वर्षांत ठिकठिकाणी टी (पहिला फटका मारायच्या जागा) मागं सरकवले, नवे खड्डे खणले, होल लांबवले. त्यामुळं १९०० मधली लांबी १९०७ लाही यार्डासकट तीच छापलेली असेल तर एक तर क्लब फार गरीब, नाही तर चादरवाल्यांचं मा.ठे.

दुसरं, 'बोगी'. त्या काळच्या याद्यांत मैदानाचा बोगी स्कोअर दिसतो. आजच्या अर्थानं पारपेक्षा (होलसाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा) एक जास्त असं समजू नका. १८९०-९१ च्या सुमारास ब्रिटनमध्ये रुळलेला तो 'चांगल्या खेळाडूचा अपेक्षित स्कोअर' आहे. यार्डांच्या हिशेबानं पार ठरवायची अमेरिकन पद्धत १९११ ची, २२५ यार्डांपर्यंत पार तीन वगैरे. म्हणून १९०५ चा बोगी आणि १९२५ चा पार शेजारी ठेवून "मैदान सोपं केलं" असा निष्कर्ष काढू नका. मी स्वतः हा गाढवपणा केलाय, एका व्हॉट्सअ‍ॅप गटावर, आणि एका आजोबांनी माझी जाहीर हजामत केली.

तिसरं, होलची संख्या. अठरा म्हणजेच गोल्फ असं तेव्हा नव्हतं. प्रेस्टविक १८५१ चा क्लब, मैदान १२ होलचं. १८६० ची पहिली ओपन तिथंच झाली, तीन फेऱ्या, एकूण ३६ होल. त्यामुळं यादीतला १२ किंवा १५ हा आकडा छपाईची चूक समजून 'दुरुस्त' करायला जाऊ नका.

आणि सालाच्या बढाईबद्दल. एडिनबर्गची रॉयल बर्जेस सोसायटी १७३५ सांगते. तो दावा एडिनबर्ग आल्मनॅकमधल्या, म्हणजे एका प्रकारच्या डिरेक्टरीतल्याच नोंदीवर उभा आहे. सोसायटीची स्वतःची इतिवृत्तं सुरू होतात १७७३ पासून. लंडनच्या रॉयल ब्लॅकहीथचं १६०८ तर परंपरेनं चालत आलेलं. खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण १७४४ च्या मागं लिहिलेले नियम आहेत आणि १७३५ च्या मागं यादीतली एक ओळ. वजन सारखं कसं धरायचं?

---

निवृत्त_कारकून | सोमवार, रात्री ८:१५

टी_बॉक्स, चेंडूची चाचणी लावली. सातही खंडांत लांबी तीच. मा.ठे. सिद्ध.

तुमचं हे वाचून घरातलंच एक पुस्तक आठवलं. इंपीरियल गॅझेटियरच्या १९०८ च्या आवृत्तीत सोलापूरची लोकसंख्या ७५,२८८ आहे. मी तरुणपणी एका स्मरणिकेत ठोकून दिलं होतं, "१९०८ साली सोलापूरची लोकसंख्या ७५,२८८ होती." अहो, ती १९०१ च्या शिरगणतीची! तिथं कंसात १९०१ लिहिलंय, मीच वाचलं नाही. मुखपृष्ठावरचं साल छापखान्याचं, आतल्या आकड्याचं वेगळं. स्मरणिका छापून वाटून झाली, आता कुणाला सांगू.

अजून एक त्रास सांगतो, कुणाला उपयोग होईल. स्कॅनमध्ये शब्द टाइप करून शोधलं की क्लब सापडतच नव्हता. शेवटी पान पान उलटून मिळाला. झिजलेल्या टाइपात ३ आणि ८ यांचे इंग्रजी आकडे जुळे भाऊ दिसतात, संगणक १८९३ ला बेधडक १८९८ वाचतो. गावाचं स्पेलिंगही बदलतं. आपलंच गाव बघा, इंग्रजी कागदात 'शोलापूर' म्हणून शोधलं नाही तर सोलापूर जगाच्या नकाशावरच नाही. आता मी शोध लावतो तो सेक्रेटरीच्या आडनावानं, मग शेजारच्या क्लबच्या नावानं, आणि शेवटी भिंग घेऊन डोळ्यांनी.

---

नाशिकची_मावशी | सोमवार, रात्री ९:०२

माझं माहेर सोलापूर, दत्त चौकाच्या मागं. लग्न होऊन नाशिकला आले तेव्हा सगळे म्हणायचे, "गोल्फ क्लबवर फिरायला जाऊ." मी आपली काठ्या-चेंडू शोधतेय, तिथं पोरं क्रिकेट खेळत होती! आता त्याचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. रणजीचे सामने होतात. पण रिक्षावाल्याला आजही गोल्फ क्लब म्हटलं की कळतं. इंग्रजांच्या काळात नाशिकला गोल्फ चालायचा, त्याची ही खूण.

म्हणून म्हणते, भाच्याला सांगा, गावातल्या म्हाताऱ्यांना विचार. शेताचं, बोळाचं, दुकानाचं नाव काय होतं ते. डिरेक्टरीतून क्लब निघून जातो, तोंडातून नाव जात नाही. आपल्याकडं नाही का, १८७७ ची गिरणी कधीच बंद झाली, तरी पत्ता सांगताना 'जुनी मिल' म्हणतातच की.

---

फेरफार | सोमवार, रात्री ९:२०

मावशींशी सहमत, पण सावधगिरी हवी. नाव टिकतं, हद्द टिकत नाही. 'जुनी मिल' म्हणून आज लोक जेवढा भाग दाखवतात तेवढी सगळी जागा गिरणीची असेलच असं नाही. नाव मिळालं की नकाशावर ताडून घ्यायचं.

---

चादरवाला | सोमवार, रात्री ९:४८

बरोबर. आणि डिरेक्टरीला शिव्या घालायच्या आधी एवढं लक्षात ठेवा, ती इतिहासासाठी छापलेली नव्हती. दुसऱ्या गावच्या माणसाला क्लब कुठं, पैसे किती, कुणाला पत्र लिहायचं, एवढं कळावं म्हणून होती. त्यामुळं सेक्रेटरीचा पत्ता आणि वर्गणी हे त्यातल्या त्यात खरं असतं. ते चुकलं तर लगेच तक्रारीचं पत्र यायचं. स्थापनेचं साल चुकलं म्हणून आम्हाला दोन वर्षांत एकही पत्र आलं नाही.

---

टी_बॉक्स | सोमवार, रात्री १०:१०

चादरवाला, हे मी वहीत लिहून घेतलं. खरंच.

---

निवृत्त_कारकून | पुढचा शनिवार, सायंकाळी ६:३०

धागा वर काढतोय, बातमी आहे.

भाचा तिथल्या वाचनालयात जाऊन आला. स्थानिक साप्ताहिकाच्या फाइली चाळल्या. मे १९०१ च्या अंकात पाऊण कॉलम: "नव्या मैदानाचं उद्घाटन". कुणी पहिला चेंडू मारला, पाऊस कसा आला, चहा कुणी दिला, सगळं आहे. आणि त्यात एक वाक्य, क्लबच्या "जुन्या, स्टेशनजवळच्या कुरणाची" आता गरज उरली नाही. फेरफार साहेब, नमस्कार घ्या!

नकाशावर स्टेशनभोवती अर्ध्या मैलाचं वर्तुळ काढलं, त्यात गुरं चरायची अशी एकच मोठी पट्टी आहे. आज तिथं सुपरमार्केटची गाड्या लावायची जागा आहे. भाचा तिथंच दर शनिवारी दूध आणायला जातो.

१८९९ ला मात्र दुसरा आधार अजून मिळालेला नाही. त्या वर्षीच्या अंकांचं काम पुढच्या महिन्यात. तोवर मी त्याला असं लिहायला सांगितलंय: क्लब डिसेंबर १९०० पूर्वीचा, एका डिरेक्टरीनुसार १८९९ चा; आजचं मैदान मे १९०१ चं. समितीच्या अध्यक्षबाईंना हे फारसं रुचलेलं नाही. पाटी तीच ठेवायची आहे, मग कपही १९०१ चेच छापायला टाकले.

---

कडक_भाकरी | शनिवार, सायंकाळी ६:४१

लई भारी काका! आता घरच्या डिरेक्टरीचं बघा की. लाइटबिलावरचं नाव बदललं का नाही?

---

निवृत्त_कारकून | शनिवार, सायंकाळी ७:०५

काल गेलो होतो. आजोबांचा मृत्यूचा दाखला मागितला. घरी येऊन ट्रंक उघडली, दाखला मिळाला. त्यावर साल १९९५ आहे. आजोबा १९९४ च्या गड्ड्याच्या जत्रेनंतर आठच दिवसांत गेले, खांदा मी दिलाय.